जागल्यांची पाळी

ज्या दिवसांविषयी लिहायचे आहे ते आधी नोंदवतो. इंग्रजी तारखा माझ्या फायलीत आहेत. आमच्या घरात मात्र दिवस सणावारांनी लक्षात राहतात, म्हणून येथेही तसेच देतो.

अधिक श्रावणातला तिसरा रविवार. जावई जेवता जेवता पाटावरच झोपले. जबाबदार: माझी बायको, जिने हे समाधानाचे लक्षण ठरवले, आणि मी, ज्याने ते ठरवू दिले.

पोळा झाल्यानंतरचा गुरुवार. जावयांची मोटार रस्ता सोडून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतात शिरली. जबाबदार: मोटारीतले इतर तिघे, ज्यांनी बैल आडवा आल्याचे सांगितले.

महालक्ष्म्यांच्या विसर्जनानंतरचा सोमवार. मी स्वतः त्या मोटारीत बसलो आणि दोन वर्षे काय चालले होते ते मला कळले. जबाबदार: तेच तिघे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार. जावयांचा झोपेतला फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आला. जबाबदार: मोठे सर. एकटे.

मी अमरावतीला न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या सगळ्या वर्षांत एवढेच शिकलो की आधी दिवस आणि इसम निश्चित करावेत, संताप नंतर करावा. दिवस आणि इसम झाले. आता संताप.

माझे जावई प्राथमिक शिक्षक आहेत. माझी मुलगी आणि ते अकोल्याला राहतात, शाळा तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यात आहे. शासनाचा नियम असा की शिक्षकाने शाळेच्या गावी मुक्काम करावा. आमच्या भागातला रिवाज असा की शिक्षकाने त्या गावी राहत असल्याचा दाखला आणावा आणि शहरात राहावे. याला ‘अपडाऊन’ म्हणतात. चौघे मिळून एका मोटारीने सकाळी जातात, संध्याकाळी येतात. मोटार जावयांची असल्यामुळे चालवायचे जावयांनी. इतर तिघे म्हणजे त्याच शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक, ज्यांना सगळे मोठे सर म्हणतात. शेजारच्या शाळेतल्या एक मॅडम. आणि एका पतसंस्थेतले लिपिक. हे तिघे पेट्रोलात वाटा देत, आणि आपले कर्तव्य तेवढ्यावर संपले असे मानत.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून अनारशांचे वाण देतात. त्या रविवारी आमच्या अमरावतीच्या घरी पाट मांडला होता, समई लावली होती, बायकोने पहाटेपासून पुरण वाटले होते. जावई बसले. दोन घास घेतले. तिसरा घास हातात असताना त्यांची हनुवटी छातीला टेकली, हात कटाच्या आमटीच्या वाटीत गेला आणि घोरणे सुरू झाले. मध्येच ते घोरणे एकदम थांबले. श्वासही थांबला. आम्ही तिघे त्यांच्याकडे पाहत राहिलो. मग गळ्यातून एक आचका आला, जसा विहिरीतून ओढलेल्या माणसाला यावा, आणि घोरणे पुन्हा चालू.

‘‘अहो!’’ मुलीने त्यांचा खांदा धरला.

‘‘राहू दे वो बाई,’’ बायको म्हणाली. ‘‘सासुरवाडीत माणूस असा झोपला म्हणजे अन्न अंगी लागलं समज. समाधान हाय ते.’’

‘‘आई, त्यांचा श्वास बंद पडला होता.’’

‘‘घोरणाऱ्याचा पडतेच. तुह्या आजोबाचाही पडे.’’

बायकोचे वडील पन्नाशीत झोपेतच गेले, हे मला त्याच क्षणी आठवले. मी ते बोललो नाही. एका तुंबलेल्या नालीसाठी तीन वर्षे नगरपालिकेला पत्रे लिहिणारा मी, माझ्यासमोर माझ्या मुलीच्या नवऱ्याचा श्वास थांबला तेव्हा गप्प बसलो. कारण आमच्याकडे जावयाला बोलायचे नसते. प्रकृती विचारावी, पाऊसपाणी विचारावे, कापसाचा भाव विचारावा, पुढे जाऊ नये. सासऱ्याने जावयाच्या झोपेवर बोलणे म्हणजे त्याच्या पंगतीत उणे काढणे.

ताटे आवरताना मुलगी माझ्याशी बोलली. ‘‘बाबा, हे रोजचंच आहे. सिग्नलले गाडी थांबली की झोपतात. मागचे हॉर्न वाजवतात तेव्हा जाग येते.’’

‘‘मग डॉक्टर?’’

‘‘डॉक्टरचं नाव काढलं की दोन दिवस अबोला. सासूबाई म्हणतात, पोरगं थकून येते, तू पाय चेपून देत जा. तुमी बोला ना एकदा.’’

‘‘मी? जावयाले?’’

तिने हातातले ताट जरा जोरात ठेवले. तेवढेच तिचे उत्तर होते, आणि ते रास्त होते.

पोळ्यानंतरच्या गुरुवारी अकोल्याहून फोन आला: गाडी शेतात गेली, बैल आडवा आला, सगळे ठीक आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला पोचलो. मोटारीचा बंपर वाकला होता आणि डाव्या दारावर काटेरी तारेचे लांब ओरखडे होते. जावई चहा पीत बसले होते.

‘‘थोडक्यात निभावलं, मामाजी.’’

‘‘देवाची कृपा,’’ मी म्हणालो. ‘‘बैल कोणत्या रंगाचा होता?’’

‘‘रंग?’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘पांढराच असंल.’’

संध्याकाळी ख्यालीखुशाली विचारण्याच्या निमित्ताने मी मोठ्या सरांना फोन लावला. त्यांनी अपघाताचे रसभरित वर्णन केले. त्यांच्या वर्णनातला बैल काळाबांडा होता आणि त्याची शिंगे पोळ्याच्या रंगात रंगवलेली होती. दोन साक्षीदारांनी एकाच बैलाला दोन रंग दिले की बैल नव्हता असे समजावे. शनिवारी मी बसने त्या ठिकाणी जाऊन उतरलो.

शेतकरी कुंपणाची तार ओढून बांधत होता. मी स्वतःची ओळख गाडीवाल्याचा सासरा अशी दिली, नुकसानीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि बैलाची चौकशी केली.

‘‘बैल?’’ तो हसू लागला. ‘‘कोनता बैल जी? त्या टायमाले रस्त्यानं कुत्रं नव्हतं. गाडी आली त हॉरन नाही, बिरेक नाही. म्हैस कशी डबक्यात उतरते, तशी सरकत सरकत माह्या पऱ्हाटीत उतरली. मी पयत आलो त आतमधी चौघंबी डोळे चोयून रायले.’’

‘‘चौघेही?’’

‘‘चौघंबी! मले वाटलं, लग्नाहून येऊन रायले का काय. पोयाच्या आठोड्यात लग्न कोनाचं?’’

रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभा राहिलो. चाकांची खूण ओल्या काळ्या मातीत स्पष्ट होती. ती कोठेही वळली नव्हती, कोठेही घासली नव्हती. रस्ता उजवीकडे वळत होता आणि गाडी सरळ गेली होती. पन्नास पावलांवर सिमेंटचा पूल होता, त्याला कठडा नव्हता. मी पावले मोजली, परत आलो, पुन्हा मोजली.

घरी येऊन बायकोला पुलाचे सांगितले नाही. महालक्ष्म्या तोंडावर होत्या. त्यांचे जेवण, सवाष्णी, विसर्जन होईपर्यंत मी दम धरला आणि सोमवारी सकाळी अकोल्याला जावयांच्या दारात उभा राहिलो. तेल्हाऱ्याला एका परिचिताच्या फेरफाराचे काम आहे, तुमच्या गाडीत जागा होईल का, असे विचारले. सासऱ्याला नाही म्हणता येत नाही. रिवाज दोन्ही बाजूंनी बांधतो, हा त्याचा एकच फायदा.

चौकात तिघे चढले. मी, मॅडम आणि लिपिक मागे. मोठे सर पुढे, मांडीवर फुटाण्यांचा डबा घेऊन.

‘‘आज सोमवार,’’ ते म्हणाले, ‘‘आज माही पाळी.’’

मला वाटले फुटाण्यांची पाळी असेल. शहर मागे पडले तसे सरांनी जावयांना पाढे विचारायला सुरुवात केली. सतरा साती किती? एकोणीस नवे किती? जावई उत्तर देत. उत्तराला उशीर झाला की सर त्यांच्या तोंडात फुटाणे कोंबत. एकदा उत्तर आलेच नाही. सरांनी हात लांबवून जावयांचा कान धरला.

‘‘ओ राजे! उठा! तेल्हारा नाही आलं अजून!’’

मॅडम खळखळून हसल्या. ‘‘बाबूजी, तुम्ही माझ्या पाळीला यायला हवं होतं. मी गाणी म्हणते. इतकी बेसूर की सर झोपूच शकत नाहीत.’’

‘‘मी भांडतो,’’ लिपिक म्हणाले. ‘‘कधी राजकारणावर, कधी त्यांच्या पगारावर. माणसाले राग आला की झोप पयते.’’

‘‘ही काय पद्धत आहे?’’ मी विचारले.

‘‘आमचा जागल्या,’’ मोठे सर मागे वळून मोठ्या अभिमानाने म्हणाले. ‘‘शेतात मचाणावर डुकरं हाकलाले असते ना, तसा. सोम-गुरु मी, मंगळ-शुक्र मॅडम, बुध-शनि हे. पुढच्या सीटवर बसलं की झोपायचं नाही, न् झोपू द्यायचं नाही. कायदा हाय गाडीचा.’’

‘‘केव्हापासून?’’

‘‘झाले असतील दोन वर्षं. आता सवय पडली.’’

सगळे हसत होते. जावईही हसत होते. खरे सांगायचे तर एखादा मैलभर मीही हसलो, कारण मॅडमनी गाण्याचा मासला दाखवला. मग तो बिनकठड्याचा पूल आला आणि गेला, आणि माझे हसणे संपले. तीन सुशिक्षित माणसांना दोन वर्षांपूर्वी कळले होते की ज्याच्या हाती आपला जीव आहे तो चालवता चालवता झोपतो. त्यावर त्यांनी डॉक्टर शोधला नाही, माझ्या मुलीला कळवले नाही, मोटारीत बसायचे थांबवले नाही. त्यांनी वेळापत्रक केले.

‘‘गाडी थांबवा,’’ मी म्हणालो.

चहाच्या टपरीशी गाडी थांबली. मी तिघांना खाली उतरवून विचारले की तुमच्यापैकी कोणी गाडी का चालवत नाही. मोठे सर म्हणाले, डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. मॅडम म्हणाल्या, येत नाही. लिपिकांना येत होती, परवानाही खिशात होता.

‘‘पण गाडी त्यांची,’’ ते म्हणाले. ‘‘उद्या कुठं घासली त कोणाले भोवंल?’’

मी टपरीवाल्याकडून बिस्किटाच्या पुड्याचा रिकामा कागद घेतला आणि त्यावर लिहून दिले की आजच्या प्रवासात मजकूर वाहनास कोणताही ओरखडा आल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाराची राहील. सही केली. लिपिकांनी तो कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि मग उत्तम गाडी चालवली. दोन वर्षांत त्यांना कोणी एक कागद दिला नव्हता, एवढेच अडले होते.

शाळा सुरू झाली. मधल्या सुट्टीपर्यंत मला काम नव्हते, म्हणून मी जावयांचे अधिकृत निवासस्थान पाहायला गेलो. दाखल्यावर घरमालकाचे नाव होते, ते मला पाठ होते. घरमालक भला माणूस. त्याने खोलीचे कुलूप काढले. दार अर्धेच उघडले, कारण आतून सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आढ्यापर्यंत भरलेले होते.

‘‘सर इथंच रायतेत,’’ तो म्हणाला, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून पुढे म्हणाला, ‘‘कागदावर.’’

सुट्टीत जावयांना तेथेच बोलावून घेतले. आम्ही दोघे त्या दारात, कुटाराच्या उंबऱ्यावर बसलो. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि त्यांच्याशी मी पहिल्यांदाच पाऊस आणि कापूस सोडून बोललो. पुलापर्यंतची पावले सांगितली. पाटावर त्यांचा श्वास थांबला तेव्हा मी मनात आकडे मोजत होतो, तेही सांगितले.

ते कुटाराची काडी मोडत राहिले. ‘‘मामाजी, मी वर्गातही झोपतो,’’ ते म्हणाले. ‘‘पोरं इतकी गुणी आहेत, मले जाग येऊ नये म्हणून आवाज करत नाहीत. मुख्याध्यापक म्हणतात, सगळ्यात शिस्तीचा वर्ग तुमचा. मी मान खाली घालून ऐकून घेतो. आता हे डॉक्टरले कसं सांगू? आज म्हणतील चालवताना झोपतो, उद्या म्हणतील शिकवताना झोपतो. मग राहिलं काय माह्याजवळ?’’

त्यांच्या आयुष्यात पणाला काय लागले आहे ते मला त्या वाक्याने कळले. पूल मला दिसत होता. त्यांना आपण आळशी ठरू हे दिसत होते, आणि त्या भीतीने ते पुलाकडे जायला तयार होते.

मी म्हणालो, ‘‘आळशी माणसाचा श्वास थांबत नाही. हा आजार आहे. त्याचा कागद आणू, मग कोण काय म्हणतो ते मी बघतो.’’

कागद आला. अकोल्याच्या एका दवाखान्यात अंगाला तारा लावून रात्रभर तपासणी झाली. झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो आणि हे तासातासाला कितीदा तरी होते. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. किती वेळा तो आकडा अहवालात आहे, येथे देत नाही, कारण तो ऐकून माझी बायको दोन दिवस नीट जेवली नाही आणि आपल्या वडिलांचा फोटो पुसत राहिली. डॉक्टरांनी सांगितले की नाकावर मुखवटा लावून, नळीतून हवा सोडणारे यंत्र झोपताना नेहमी वापरायचे, दुपारची डुलकी असली तरी, वजन उतरवायचे, आणि आम्ही सांगेपर्यंत वाहन चालवायचे नाही.

मग उपाय उघड होता. जो माणूस कागदावर त्या गावी राहत होता त्याने खरोखर तेथे राहावे. कुटार निघाले, खोली सारवली, पलंग आला. सोमवारी पहाटे बसने जायचे, शनिवारी दुपारी परत यायचे. सोपे वाटते. यंत्र लावल्याच्या पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि सकाळपर्यंत आली नाही. मी वीज कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले की तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. नोंदीवर यंत्र चालत नाही, म्हणून आम्ही इन्व्हर्टर बसवला. मग यंत्राच्या पाण्याच्या डबीत पांढरा थर धरला. माझ्या मुलीने बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की फक्त औषधाच्या दुकानातले शुद्ध पाणी वापरावे. घरमालकाची आई वाचत नव्हती, पण मायाळू होती.

‘‘तुह्या मशिनीत पाणी भरून ठेवलं बाप्पा,’’ ती जावयांना रोज सांगे. पाणी बोअरचे. तो सगळा पट्टा खारपाणाचा. त्या पाण्याने डाळ शिजत नाही आणि बादलीलाही मीठ चढते. डबी दोनदा बदलावी लागली. म्हातारीला समजावण्याचे काम मी अंगावर घेतले, आणि कबूल करतो, ते मला जमले नाही. ‘‘आमी जलमभर हेच पेलो, मशिनीचे काय नखरे जी?’’ असे ती म्हणाली. शेवटी मुलीने डबीच कुलपात ठेवायला सांगितले.

मुखवट्याचे तर विचारूच नका. एक सैल, एक घट्ट, तिसऱ्याने नाकाच्या दांड्यावर जखम. रविवारी मी अकोल्याला जाऊन त्याचे पट्टे सारखे करत असे आणि जावई ते मुकाट बसवून घेत. सासऱ्याने जावयाच्या डोक्याला पट्टा बांधण्याचा रिवाज आमच्यात लग्नात फेट्यापुरता आहे.

आणि तरीही गुण आला. दसऱ्याला ते अमरावतीला आले तेव्हा दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसून त्यांनी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते पाहत होती. तिने मला खुणेने बोलावले आणि कुजबुजली, ‘‘जाहिरातीही वाचून रायले वो!’’ दिवाळीत ते पत्ते खेळले, आम्हाला हरवले, हरल्याबद्दल माझी थट्टा केली. नऊ वर्षांत मला माहीत नव्हते की माझा जावई थट्टेखोर आहे. झोपेने तो माणूस आमच्यापासून लपवून ठेवला होता. वर्गात आता गोंगाट होतो, असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले.

त्यानंतर तो बुधवार. मधल्या सुट्टीत जावई खोलीवर जाऊन थोडे पडले होते, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मुखवटा लावून. मोठे सर प्यायचे पाणी मागायला म्हणून तेथे गेले. दार लोटलेले होते. त्यांनी पाणी घेतले नाही, फोटो घेतला. तालुक्यातल्या शिक्षकांच्या गटावर तो टाकला आणि खाली लिहिले: ‘‘यंदा बाप्पाचे विसर्जन झालेच नाही, सोंडेसह मुक्काम आमच्या शाळेत.’’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कोणी विचारले, वर्गात पण सोंड लावतात का? कोणी लिहिले, झोपायचा पगार! ज्या वाक्याच्या भीतीने माझा जावई दोन वर्षे मरणाच्या कडेने गाडी चालवत होता, ते वाक्य त्याला दुपारी दोनच्या सुमारास आपल्या मोबाइलवर वाचायला मिळाले.

त्या शनिवारी त्यांनी यंत्र खोक्यात घातले, अकोल्याला आणले आणि कपाटावर ठेवले. आता ते रोज बसने जातात, बसने येतात. बसमध्ये झोपतात, वाहक उतरवून देतो. मोटारीची चावी मुलीने माझ्याकडे पाठवून दिली आहे, त्यामुळे निदान तेवढे भय नाही. पण तिच्या सांगण्याप्रमाणे श्वास पुन्हा पूर्वीसारखाच थांबतो. ती उठून बसते आणि तो परत येईपर्यंत मोजते. जावई माझ्याशी बोलत नाहीत. परवा फोनवर एवढेच म्हणाले, ‘‘मामाजी, कागद आणला ना तुम्ही. काय झालं त्या कागदानं?’’

आणि ते तिघे? जावयांनी चालवणे सोडले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून ते दुसऱ्या एका मोटारीने जाऊ लागले. चालक जागा असतो. म्हणजे अशी मोटार त्यांना मिळण्यासारखी होती.

मी मोठ्या सरांना पोचपावतीसह पत्र पाठवले. ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन ते परत आले. फोन केला तेव्हा ते म्हणाले, ‘‘गंमत होती हो मामाजी. तुमी कशाले कायदा लावून रायले? सोंडेले सोंड नाही म्हणाचं त काय म्हणाचं?’’ गुरुवारच्या अपघाताचे विचारले तर म्हणाले, त्या दिवशी अदलाबदल झाली होती, माझी पाळी नव्हती. मॅडम म्हणतात, अशी अदलाबदल झाल्याचे मला आठवत नाही. लिपिक म्हणतात, मला यात ओढू नका.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार का करत नाही, असे मला विचारण्यात येते. कारण चौकशी लागली तर पहिला कागद निवासाच्या दाखल्याचा निघेल, आणि कुटार भरलेल्या खोलीत दोन वर्षे राहत असल्याचा तो दाखला माझ्या जावयांचाही आहे. मुलीने हात जोडून सांगितले, ‘‘बाबा, हे पत्र गेलं तर आमचंच घर उठेल.’’ ही आमच्या बाजूची खोटी गोष्ट आहे आणि ती मी येथे लिहितो, कारण अर्धे लपवून दुसऱ्याकडे पूर्ण सत्य मागण्याचा मला अधिकार उरत नाही. त्याच न्यायाने माझाही जबाब देतो: अधिक श्रावणातल्या त्या रविवारी मला दिसले, कळले आणि मी रिवाजाच्या आड बसलो. पोळ्यापर्यंतचा विलंब माझा आहे. मोटार पुलाखाली गेली नाही हे माझे कर्तृत्व नाही.

सबब, मोठे सर, आता तुम्ही सांगावे. माझ्याशी फोनवर नाही, चौकात माझ्या कानात नाही. ज्या गटावर तुम्ही तो फोटो टाकला, त्याच गटावर, हसणाऱ्या सर्वांच्या समक्ष, आपल्या नावाने लिहावे. हा माणूस आजारी आहे हे तुम्हाला प्रथम कोणत्या दिवशी उमगले? उमगल्यावर त्याच्या बायकोला कळवण्याऐवजी तुम्ही पाळ्या का लावल्या? आणि पोळ्यानंतरच्या त्या गुरुवारी, मोटार पऱ्हाटीत शिरली तेव्हा, पुढच्या सीटवर जागे राहण्याची पाळी कोणाची होती?